अनुरणन आणि एक पत्र्याचा डबा

मराठी शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने निवृत्तीनंतर काय करावे, याविषयी समाजाच्या काही माफक अपेक्षा असतात. त्याने ज्ञानेश्वरीवर प्रवचने द्यावीत, स्मरणिकांचे संपादन करावे, गेला बाजार शुद्धलेखनाबद्दल वर्तमानपत्राला पत्रे तरी लिहावीत. आम्ही यांपैकी काहीच केले नाही. आम्ही गिटारचा एक अ‍ॅम्प्लिफायर बांधला, तोही व्हॉल्व्हचा. आणि तो वाजू लागल्यावर गप्प बसण्याऐवजी त्यात स्प्रिंगचा रिव्हर्ब बसवण्याच्या नादी लागलो. या उद्योगात आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत जे कळले त्याचा काही भाग विजेच्या कामाचा आहे आणि काही भाग आम्ही पस्तीस वर्षे वर्गात जे करत होतो त्याविषयीचा आहे. दुसरा भाग सांगायला थोडा अवघड आहे. म्हणून पहिल्यापासून सुरुवात करतो.

आमचे घर चौलात, रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत, नारळी-पोफळीच्या वाडीत. ‘वाडीत’ हा शब्द आता केवळ सवयीने येतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाच्या त्या वाऱ्याने एका दुपारीत आजोबांच्या वेळची वाडी आडवी केली. नारळ मुळासकट उपटले गेले; पोफळी मधोमध मोडल्या. नुकसानीचे पंचनामे झाले, मोजदाद झाली. पण एका गोष्टीचा पंचनामा करता येण्यासारखा नव्हता. आमच्या लहानपणी आई मागच्या पडवीतून जेवायला हाक मारी. ती हाक वाडीत शिरे, शेकडो खोडांवर थोडी थोडी विखरे, आणि तिच्या मागे एक मऊ, धूसर अशी शेपटी रेंगाळे. तो प्रतिध्वनी नव्हता. आपले नाव पुन्हा ऐकू येत नसे. नुसते वाटे, की हाक कुठेतरी पोचली आहे. वादळानंतर आठवड्याभराने, ओंडके कापायला आलेल्या गड्याला आम्ही त्याच पडवीतून हाक मारली. ती सरळ निघून गेली. तिच्या मागे काही उरले नाही.

समुद्राकाठच्या मोकळ्या जागेचा हा धर्मच आहे. आवाज परतायचा तर त्याला अडवणारे काहीतरी लागते. किनाऱ्यावर उभे राहून कितीही ओरडा, समोर अडवायला कोणी नसते.

असो. अ‍ॅम्प्लिफायरचे काम सुरू झाले ते २०२१ च्या पावसाळ्यात, घराबाहेर पडण्याची सोय नसताना. गिटार कॉलेजच्या दिवसांतली, माळ्यावर पडून होती. घरातला जुना रेडिओ वादळात भिजून कामातून गेला होता, पण त्यातले व्हॉल्व्ह शाबूत होते. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून फिलिप्सच्या सहकार्याने रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. त्या पिढीतला एक ईएल ८४ आमच्या रेडिओत होता. दोन ईसीसी ८३ आम्ही मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून आणले. अ‍ॅल्युमिनियमची चेसी, त्यावर ट्रान्सफॉर्मर, खाली सोल्डरचे जाळे, आणि आत सुमारे ३०० व्होल्ट, जे यंत्र बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये दबा धरून बसतात. (ज्यांना हा उद्योग करायचा असेल त्यांनी आधी ते व्होल्ट काढून टाकायला शिकावे, आम्हांला एकदा शिकवणी मिळाली, दुसरीची गरज भासली नाही.) पाच वॉटही न देणारे ते यंत्र दिवाळीच्या सुमारास वाजू लागले.

ते ऐकायला आले नाखवा. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातले हे गृहस्थ आमच्याहून चार वर्षांनी मोठे. घरची होडी आता मुलगा पाहतो. नाखवांनी तरुणपणापासून लग्नाच्या हळदीत बेंजो वाजवला. आमच्या किनाऱ्यावरचा बेंजो म्हणजे पाश्चात्त्यांचा नव्हे. टाइपरायटरसारख्या कळा असलेले, तारांचे, बुलबुलतरंगाच्या कुळातले आणि मूळचे जपानी असे हे वाद्य आहे. त्याला विजेची जोड मिळाली आणि ते आगरी-कोळ्यांच्या हळदीचे झाले. नाखवांकडे त्या काळातल्या भोंग्यांचा, वायरींचा आणि स्पीकरांचा मोठा साठा आहे, आणि आवाजाच्या बाबतीत त्यांच्यापुढे आम्ही कधी वाद घालत नाही. त्यांनी आमचे वादन शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “आवाज बरा हाय मास्तर. पन जाम सुका हाय.”

सुकट आणि बोंबील ज्याच्या अंगणात वाळतात त्याच्या तोंडचा हा शब्द. पुढे वाचताना आम्हांला कळले की ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातले इंग्रजही रिव्हर्ब नसलेल्या आवाजाला ‘सुका’ आणि असलेल्याला ‘ओला’च म्हणतात.

आता हा रिव्हर्ब म्हणजे काय, ते सांगायला हवे. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रतिध्वनीचा धडा असतो: मूळ ध्वनी आणि परावर्तित ध्वनी यांत निदान एक दशांश सेकंदाचे अंतर असेल तर ते दोन वेगळे ऐकू येतात, आणि त्यासाठी भिंत सुमारे १७ मीटर दूर हवी. त्याहून लवकर परतणारे आवाज कानाला वेगळे करता येत नाहीत. ते मूळ ध्वनीला चिकटतात, एकमेकांत मिसळतात आणि हळूहळू विरतात. देवळाच्या गाभाऱ्यात, लेण्यात, विहिरीत आपण जे ऐकतो ते हे. याला आपल्याकडे जुना शब्द आहे: अनुरणन. घंटेवर टोला पडतो आणि नंतर जो नाद मागे रेंगाळतो, तो. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला तेव्हा काव्यातल्या सूचित अर्थाच्या एका प्रकाराला हेच नाव दिले: आधी वाच्यार्थ कळतो आणि मग, घंटेच्या निनादासारखा, त्याच्या मागून दुसरा अर्थ उमटत येतो. हे आम्ही एम.ए.च्या मुलांना दरवर्षी फळ्यावर लिहून देत असू. घंटा मात्र कधी वर्गात नेली नाही.

पत्र्याच्या डब्यात अनुरणन कोंडण्याची कल्पना गाजली ती अमेरिकेत. लॉरेन्स हॅमंडने १९३५ मध्ये विजेवर चालणारा ऑर्गन बाजारात आणला. तो चर्चमध्ये भव्य वाजे. पण गालिचे आणि पडदे असलेल्या दिवाणखान्यात आला की मलूल होई. चर्चची उंच छते घरी नेता येत नव्हती, तेव्हा हॅमंडने स्प्रिंगा नेल्या. तारेतून ध्वनी उशिरा पोचवण्याची युक्ती बेल प्रयोगशाळांमध्ये टेलिफोनच्या कामासाठी आधीच निघाली होती, ती त्याने उचलली. पुढे फेंडर कंपनीने १९६१ मध्ये गिटारसाठी स्प्रिंगांचा वेगळा डबा काढला आणि १९६३ पासून तो अ‍ॅम्प्लिफायरच्या आतच बसवायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या लाटांवर खेळणाऱ्या पोरांचे संगीत या ओल्या आवाजावर पोसले. म्हणजे ज्या आवाजाला जग समुद्राचा आवाज समजते, तो देवळासारख्या बंद वास्तूची नक्कल करायला निघालेल्या एका डब्याचा आहे.

डब्याचे अंतरंग साधे आहे. हातभर लांबीचा पत्र्याचा खोका, त्यात लहान स्प्रिंगांवर टांगलेली आतली चौकट, आणि चौकटीत लांबलचक, केसासारख्या तारेच्या दोन-तीन स्प्रिंगा. प्रत्येक स्प्रिंगेच्या दोन्ही टोकांना इवलेसे चुंबक. एका टोकाच्या कॉइलमध्ये गिटारचा संदेश सोडला की तिथला चुंबक पिळवटतो. ती पीळ स्प्रिंगेतून सरपटत दुसऱ्या टोकाला जाते, तिथला चुंबक हलतो, आणि दुसऱ्या कॉइलमध्ये काही मिलिव्होल्टांची वीज उमटते. त्यातली थोडी पीळ मागे फिरते, पुन्हा येते, पुन्हा जाते. असे दोन-तीन सेकंद चालते. आमच्या डब्यात एका स्प्रिंगेला या प्रवासाला ३३ सहस्रांश सेकंद लागतात, दुसरीला ४१. तेवढ्या वेळात हवेतला आवाज ११ ते १४ मीटर जातो. म्हणजे सहा-सात मीटरवर भिंती असलेली एक खोली त्या डब्यात आहे. दोन स्प्रिंगांचे वेळ मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात. सारखे असते तर आवाज ठोकळेबाज झाला असता.

डबा भाच्याने परदेशातून येताना कपड्यांत गुंडाळून आणला. खरी अडचण त्याला हलवण्याची होती. आमच्या डब्याची आतली कॉइल ८ ओहमची. तिला चालवायला ईसीसी ८१ चे दोन्ही भाग एकत्र जुंपावे लागतात, आणि मध्ये सुमारे २०,००० ओहमचे ८ ओहम करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर हवा. तो इथे कुठे मिळणार? नाखवांना सांगितले तर त्यांनी शाळेच्या वर्गात लावतात तसला एक जुना भिंतीवरचा स्पीकर काढला. लांबवर वायरी नेता याव्यात म्हणून तसल्या स्पीकरांच्या मागे १०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असतो. आम्ही कागदावर गणित केले: अर्ध्या वॉटच्या टोकावर शंभराचा वर्ग भागिले अर्धा, बरोबर २०,०००. दुसऱ्या बाजूला ८ ओहम. हे काम त्याला नेमून दिलेले नव्हते आणि त्यात खर्जाचे थोडे नुकसान होते. पण स्प्रिंगेला खर्ज नाही तरी सोसत नाहीच. ज्या ट्रान्सफॉर्मरमधून वर्षानुवर्षे प्रार्थना आणि सूचना गेल्या, त्यातून आता आमची गिटार जाणार होती.

सगळे जोडले, रिव्हर्बचे बटण फिरवले, आणि डब्यातून आली ती घरघर. गिटारचा निनाद होता, पण तो एका जाड, अखंड हमिंगच्या मागे, कारखान्याच्या भिंतीपलीकडे कोणी गात असावे तसा. बटण शून्यावर नेले की घरघर बंद. म्हणजे दोष डब्याच्या वाटेवर. तीन आठवडे आम्ही जे चुकीचे ते सर्व केले. कपॅसिटर बदलले, अर्थिंगच्या वायरी पुन्हा ओढल्या, व्हॉल्व्हची अदलाबदल केली. शेवटी आम्ही गिटारलाच विचारले. सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा स्वर ९८ हर्ट्झचा असतो. वीजपुरवठ्याची गाळणी कमी पडत असती तर घरघर १०० हर्ट्झची, म्हणजे जवळजवळ त्याच स्वराची असायला हवी होती. आमची घरघर एक सप्तक खाली होती. पन्नास. ती वायरींतून येतच नव्हती. मुख्य ट्रान्सफॉर्मरभोवती जे चुंबकीय क्षेत्र असते, ते हवेतून थेट डब्याच्या कॉइलमध्ये शिरत होते. आणि आम्ही मोठ्या कौतुकाने तो डबा ट्रान्सफॉर्मरला खेटून, ऐकणारे टोक त्याच्याकडेच करून, चार स्क्रूंनी पक्का केला होता.

त्याच आठवड्यात अलिबागला काम निघाले. परतताना चुंबकीय वेधशाळेच्या कुंपणावरून गेलो. त्या रस्त्याने आम्ही शेकडो वेळा गेलो असू. ती वेधशाळा तिथे का आहे हेही ठाऊक होते. पण ठाऊक असणे आणि कळणे यांत अंतर असते. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. ट्रामची वीज जमिनीतून परतते, तिचे क्षेत्र सुईला हलवते, आणि मग सुई पृथ्वीचे ऐकते की ट्रामचे, हे सांगता येत नाही. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी दूरची, शांत जागा शोधली. १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड पारखून घेतला, लोखंड वर्ज्य केले. दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन त्या जुळवून पाहिल्या. मग ७ मे १९०७ रोजी मुंबईत पहिली विजेची ट्राम धावली. ट्राम मुंबईत १९६४ पर्यंत चालल्या आणि गेल्या. अलिबागच्या नोंदी अजून चालू आहेत.

याच नोंदवहीतली आणखी एक गोष्ट. १८५९ च्या सप्टेंबरच्या आरंभी सूर्यावरून मोठे वादळ आले. त्याची नोंद कुलाब्यात झाली: सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण. ती कागदावर पडून राहिली आणि २००३ मध्ये तिच्यावर शोधनिबंध निघाला, तेव्हा जगाला त्या वादळाचे माप कळले. एका टोल्याचे अनुरणन १४४ वर्षांनी ऐकू आले. कारण त्या दिवशी कुलाब्यात अजून ट्राम नव्हती.

कुंपणाशी उभे असताना आम्हांला प्रथम डबा आठवला आणि लगेच, अकारण, एक वर्ग आठवला. दुपारचा तास, पावसाळा, एक छोटी कविता. शेवटची ओळ वाचून झाली होती. मागच्या बाकावरची एक मुलगी खिडकीबाहेर पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटत होते. आम्ही लगेच बोलायला लागलो. शेवटच्या ओळीतली व्यंजना, तिचा प्रकार, तिची परीक्षेत येणारी व्याख्या. मुलीने खिडकीवरून नजर काढली आणि वही उघडली. आनंदवर्धनावरचा तो तास चांगला झाला असे आम्हांला त्या दिवशी वाटले होते.

जे यंत्र बारीक परतणारा आवाज ऐकू शकते, ते शेजारचा मोठा आवाजही ऐकणारच. दोन्ही एकाच दाराने येतात. यावर उपाय आवाज वाढवण्याचा नाही. बटण वाढवले की दोन्ही वाढतात. उपाय एकच, दूर सरकण्याचा. अनुरणनाला सहृदय लागतो हे आम्ही वर्षानुवर्षे शिकवले. सहृदयाच्या कानाशी खेटून एक ट्रान्सफॉर्मर उभा आहे, हे ध्यानात आले नाही. आम्ही वाईट शिक्षक नव्हतो. चुकीच्या जागी बसवलेले होतो, आणि स्क्रू आम्हीच आवळले होते.

घरी येऊन डबा सोडवला. तो हातात धरून यंत्र चालू केले आणि सावकाश फिरवला. एका कोनाला घरघर चढे, दुसऱ्याला जवळपास नाहीशी होई. चेसी पेटीच्या वरच्या भागात होती. डबा तळाशी नेला, ऐकणारे टोक ट्रान्सफॉर्मरपासून सर्वांत लांब ठेवले, डब्याच्या उघड्या बाजूवर लोखंडी पत्रा बसवला आणि सगळा स्पंजसह रेक्झिनच्या पिशवीत घातला, म्हणजे स्पीकरचे धक्के त्याला लागू नयेत. घरघर पूर्ण गेली नाही. रात्री वारा पडला की अजून थोडी ऐकू येते. तिला आम्ही राहू दिले आहे.

नाखवा पुन्हा आले ते २०२२ च्या मे महिन्यात, संध्याकाळी, आणि येताना बेंजो घेऊन आले. हळदीला आता डीजे असतो. ते वाद्य बरेच दिवस कापडात होते. त्यांनी तारा जुळवल्या, आमच्या यंत्राला वायर लावली, रिव्हर्बचे बटण तीनवर ठेवले आणि मागच्या पडवीत बसून वाजवू लागले. कोणते गाणे ते सांगण्यात अर्थ नाही. या किनाऱ्यावर ते सर्वांना येते. प्रत्येक तुटक ठोक्यामागे आता एक शेपटी होती. ती पडवीतून निघून मोकळ्या झालेल्या वाडीवर जात होती.

वाजवून झाल्यावर ते थोडा वेळ थांबले. आमच्या मनात काय होते ते आम्ही त्यांना सांगितले नव्हते, पण हा माणूस आमच्या आईच्या हाका ऐकत मोठा झालेला. त्यांनी समोरच्या बुंध्यांकडे पाहिले आणि म्हणाले, “ह्यो वाडीचा आवाज नाय, मास्तर. ह्यो डब्याचा हाय.” मग जरा वेळाने, “पन चांगला हाय.”

यावर बोलण्यासारखे पुष्कळ होते. स्प्रिंगेत उंच स्वर आणि नीच स्वर वेगवेगळ्या वेगाने जातात म्हणून तिचा निनाद झाडांसारखा कधीच होणार नाही, हे होते, आनंदवर्धन होता, १८५९ चे वादळ होते. आम्ही काही बोललो नाही. यंत्र चालू होते, बारीक घरघर येत होती, आणि नाखवांनी कळांवर पुन्हा बोटे ठेवली.

वाडीत आम्ही वादळानंतरच्या वर्षी सुपारीची रोपे लावली आहेत. सुपारीला फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. आवाज धरायला किती लागतात, ते कोणत्याही पुस्तकात दिलेले नाही. रोपे आता आमच्या डोक्याच्या वर गेली आहेत. अधूनमधून, घरात कोणी नसताना, आम्ही मागच्या पडवीत जाऊन एक हाक मारतो आणि थांबतो.